हिला पाला न्हाई

लातुरात मी ज्या आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात काम करते, तिथं येणाऱ्या दहांतल्या सहाजणांना कुठं ना कुठं सूज असते. गुडघ्याला, घोट्याला, मनगटाला. काउंटरवर हात टेकवून विचारतात, "ताई, सुजेवर काय हाय?" मग मी हळदीच्या कॅप्सूल काढते, शल्लकीच्या गोळ्या काढते, गुग्गुळाची डबी काढते आणि तिन्हींत फरक काय ते समजावत बसते. गिऱ्हाईक कंटाळतं, मी कंटाळत नाही. डबीवरचं बारीक अक्षर वाचायची मला खोड आहे. नवा माल आला की एका कॅप्सूलचं टोपण काढून भुकटी जिभेवर टाकून बघते. आमचे मालक दयानंद सर म्हणतात, शिल्पा, तू याच नादात एक दिवस आजारी पडशील. सर पूर्वी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि त्यांनी स्वतः काय काय चाखून पाहिलंय ते मला ठाऊक आहे, म्हणून मी त्यांचं बोलणं फार मनावर घेत नाही.

त्यामुळं माझी धाकटी बहीण उज्वला हिच्या नडगीला सूज आली, तेव्हा घरात कुणी घाबरलं नाही. घरातलीच पोरगी दुकानात आहे, आणेल काहीतरी, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं, हे कबूल करायला हवं.

उज्वला दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करत होती. नांदेडला तिची मैदानी चाचणी पाच आठवड्यांवर आली होती. वय सत्तावीस पूर्ण होत आलेलं. पुढची भरती कधी निघेल आणि निघाली तर ही वयात बसेल का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आमचं गाव मुरुडजवळ. तिला पळायला जागा हवी म्हणून अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हरभऱ्याच्या रानात कडेनं एक पट्टा न पेरता ठेवला होता. दोरीनं मोजून चारशे मीटरचा. लोक हसले, अण्णा हसले नाहीत. पण पट्ट्यातली ढेकळं पायाला लागायला लागली तशी उज्वला नव्या सिमेंटच्या रस्त्यावर पळायला लागली, रोज आठ-दहा किलोमीटर, आणि तिथंच नडगी दुखायला लागली.

आठवड्यातच मुरुडला एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाडाला काही नाही, आराम करा. मी दुकानातून तीन डब्या नेल्या. पंधरा दिवस गेले. सूज जरा कमी व्हायची, पळाली की पुन्हा यायची. शेवटी आई म्हणाली, "आता तुझ्या डब्या ठिव बाजूला. सटवाजीआबाकडं जाऊ."

सटवाजीआबा आमच्याच भावकीतले, अण्णांचे चुलते लागतात. मुरगळलं, लचकलं, सुजलं की पंचक्रोशीतली माणसं त्यांच्या ओट्यावर येऊन बसतात. आबा परसात जाऊन पाला वाटतात, पळसाच्या पानात गुंडाळून देतात. त्यांच्या गुरूनं त्यांना अटी घातल्यात: पैसा घ्यायचा नाही, पाल्याचं नाव सांगायचं नाही, नाहीतर गुण जातो, आणि दारात आलेल्याला परत लावायचं नाही. कोर्टात एकमेकांवर दावे लावलेले लोकसुद्धा एकाच सकाळी त्या ओट्यावर शेजारी शेजारी बसलेले मी पाहिलेत. लहानपणी तो पाला कशाचा असतो हे बघायला मी आबांच्या मागं मागं ओढ्यापर्यंत जायची. ते मागं वळून बघायचे आणि मला बघून रिकाम्या हातानं परत फिरायचे.

आबांनी उज्वलाचा पाय मांडीवर घेतला. गुडघ्यापासून खाली अंगठ्यानं दाबत आले. नडगीवर एका ठिकाणी, बोटभर जागेत, उज्वलानं पाय ओढला. आबांनी पुन्हा तिथंच दाबलं. टाचेवर मूठ आपटून बघितली. मग म्हणाले, "हुबी ऱ्हा. एका पायावर उडी मार."

उज्वलानं उडी मारली. खाली आली तेव्हा ओठ चावला आणि म्हणाली, "लई न्हाई दुखत."

आबा उठले. "हिला पाला न्हाई. दवाखान्यात न्या."

"नेलतं की," आई म्हणाली. "फोटो काढला. हाडाला काही न्हाई म्हणले डॉक्टर."

"मंग परत न्या."

आईचा तोल सुटला. "पाणंदीचं मनात धरलं, असं सरळ म्हणा की."

आबांनी आईकडं एकदा बघितलं, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि आत निघून गेले.

पाणंदीचं सांगायला हवं. आदल्या वर्षी शेताकडं जाणाऱ्या रस्त्याची मोजणी झाली. अण्णांनीच अर्ज केला होता, आणि त्यात आबांचा बांध फुटला, लिंबाची दोन झाडं गेली. तेव्हापासून जाणं-येणं बंद नव्हतं, पण चहा बंद होता. ज्या माणसानं जन्मात कुणाला पाला नाकारला नाही, त्यानं आमच्याच पोरीला नाकारला, याचा गावात दुसरा अर्थ निघूच शकत नव्हता. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. अण्णा नुसते बसून राहिले. उज्वला रडली नाही, बूट घालून पळायला गेली आणि लंगडत परत आली.

मी चिडले होते. आणि खरं सांगायचं तर चिडण्याच्या खाली मला उत्सुकताही फार लागली होती. म्हातारा एवढा काय धरून बसलाय? आहे काय त्या पाल्यात?

तिसऱ्या दिवशी मी सुट्टी काढली आणि डाव्या पायानं लंगडत आबांच्या ओट्यावर गेले. म्हटलं, ऑटोतून उतरताना घोटा मुरगळला.

आबा दाबून विचारायला लागले. "हितं?"

"हाव."

"हितं?"

"हाव."

"हितं बी?"

"हाव आबा."

"समदीकडंच दुखतंय म्हनजे लईच दुखत असंल," आबा म्हणाले आणि परसात गेले. पाच दिवसांचा पाला दिला. रोज कोमट करून बांध म्हणाले. मी लंगडत घरी आले आणि दार लावून हसले.

पाला उज्वलाच्या पायाला बांधला. हातभार म्हणून हळदीच्या कॅप्सूल एकाच्या दोन केल्या. लिंबाएवढा पाला डबीत घालून दुकानातल्या फ्रीजमध्ये ठेवला, सरांना दाखवायला. पण सर मुलीकडं उदगीरला गेले होते. मी आणखी एकदा लंगडत जाऊन आणखी पाच दिवसांचा पाला आणला. दहा दिवसांत सूज उतरली. पूर्ण. नडगी पहिल्यासारखी. आईनं आबांना मनसोक्त शिव्या घातल्या आणि त्यांच्याच पाल्याला हात जोडले. उज्वला मैदान जवळ पडावं म्हणून चार दिवस आधी मुदखेडला सिंधुमावशीकडं गेली, आणि मी दुकानात शिट्टी वाजवत डब्या लावायला लागले.

चाचणीला दोन दिवस उरले तेव्हा सर परत आले. मी डबी पुढं केली. सरांनी पाला वाटीत घेऊन पाण्यानं धुतला, गाळणीत उरलेला चोथा बोटांत चोळला, वास घेतला, पुन्हा घेतला.

"निरगुडी," ते म्हणाले. "थोडी आंबेहळद, थोडा लसूण, म्हणून वास लपतो. आणि चुना असेल. बस."

"एवढंच?"

"एवढंच. निरगुडी कॅनॉलच्या कडेनं कुठंही आहे. आपण तेल विकतोच की तिचं."

मला वाईट वाटलं. वीस वर्षं जपलेलं कोडं असं गाळणीत निघालं. सरांनी हात पुसले आणि सहज विचारलं, "मग यात तुझ्या बहिणीला न देण्यासारखं काय होतं?"

"भांडण आहे ना सर."

"भांडण तुझ्या वडिलांशी. तुला दिलाच ना पाला? तू काय परक्याची मुलगी आहेस?"

हे इतकं सरळ होतं आणि घरात एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आबांनी आमच्या घराला पाला नाकारलाच नव्हता. फक्त उज्वलाच्या पायाला नाकारला होता.

मी सरांची स्कूटी मागितली आणि तशीच गावाकडं निघाले. पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. आबा ओट्यावर दोरी वळत बसले होते. माझ्या पायांकडं बघून म्हणाले, "बरा झाला का घोटा? आली डाव्या पायानं लंगडत, गेली उजव्या पायानं."

"तुम्हाला ठावं होतं? मंग दिला कशाला?"

"मला वाटलं, पाला कशाचा हाय ते बघायचंय हिला. ल्हानपनापासूनची खोड हाय तुझी. म्हनलं, बघू दे आता, किती दिवस लपवायचं."

"आबा, तो मी उज्वलाला बांधला. दहा दिवस."

आबांचे हात थांबले. दोरी सुटून मांडीवर पडली. "सूज गेली?"

"गेली."

"पळायली का ती?"

"परवा नांदेडला मैदान हाय."

आबांनी दोरी गोळा करून बाजूला ठेवली. मग बोलले ते माझ्याकडं न बघता. "इतक्या डब्या इकती तू. सूज येती कशाला, हे इचारलंस का कधी कुनाला? तिच्या हाडाला चीर हाय. केसावानी. दुखनं हाय तवर पोरगी पाय जपून टाकती. सूज होती म्हनून पळता येत न्हवतं तिला, तेच तिच्या भल्याचं होतं. पाल्यानं सूज उतरती, चीर भरत न्हाई. आता ती जीव तोडून पळनार, आन हाड आरपार जाईल."

"पण फोटोत काही दिसलं नाही."

"कवा काढलता?"

"आठ दिवसांत."

"ताजी चीर दिसतीच असं न्हाई फोटोत. म्हनून म्हनलं, परत न्या. माझ्या हाताखालून असे दोघं गेलेत. दोघास्नी बी मी पाला दिलता." आबांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. "त्यातला एक पैलवान गडी. पाचव्या दिवशी म्हनला, आबा, देवमानूस हाय तुमी. आठव्या दिवशी कुस्तीत पाय मोडून घेतला. अजून काठी घेऊन चालतो. मुरुडला गेलो की मी त्या रस्त्यानं जात न्हाई."

"मंग हे त्याच दिवशी सांगायचं की."

"तुझी माय बोलू देती का? आन मला बी राग आला. म्हातारा झालो म्हनून राग येत न्हाई का?"

मी तिथूनच उज्वलाला फोन लावला. ती फार आनंदात होती. "अक्का, आज आठशे मीटर दोन अठ्ठावन्नात मारलं. काही दुखत न्हाई बघ." मी म्हटलं, उद्या पळू नको, मी येते. ती म्हणाली, ये की, मावशी धपाटे करायली. मला माझीच चीड आली. पाला मी फसवून आणला, मी बांधला, आणि ती मला धपाट्यांचं सांगत होती.

दुसऱ्या दिवशी एसटीनं नांदेड, तिथून मुदखेड. उज्वला अंगणात मावशीच्या शिलाई मशीनजवळ बसून हॉल तिकिटाला प्लास्टिक लावत होती. मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ती शांतपणे ऐकत होती, पण कान लाल होत गेले.

"झालं?" ती म्हणाली. "आबानं स्वतः अडवून बघितलं, जमलं न्हाई. आता तुला फिरवलं."

"उज्वला, एका पायावर उडी मार. आत्ता, माझ्यासमोर."

"न्हाई मारत."

"का?"

"माझी मर्जी."

तिला कळायला नको होतं, म्हणून ती उडी मारत नव्हती. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तिनं पिशवीतून पाल्याची पुडी काढली, मीच दिलेली, शेवटची. माझ्यासमोर ठेवली. "बांध."

"मी न्हाई बांधणार."

"तुला बरंच वाटंल ना अक्का? तू एका सेंटीमीटरनं गेली उंचीत. मी लागले तर तुला बघवायचं न्हाई."

चार वर्षांपूर्वी मीही पोलीस भरतीला गेले होते, तेव्हाची गोष्ट. मी लगेच म्हणाले की असं काही नाही. मग अंगणाच्या कडेला जाऊन बसले आणि मनात खरंच शोधून पाहिलं, कारण मला तशी सवयच आहे. आणि लाज वाटते सांगायला, पण अगदी तळाशी थोडंसं होतं. फार नाही, पण होतं. त्यामुळं मला रडू आलं आणि मावशीला वाटलं, बहिणीच्या काळजीनं रडतेय. तेही खरं होतं.

अण्णांना फोन करून तिला थांबवायला सांगता आलं असतं. अण्णांचा शब्द तिनं मोडला नसता. पण पाय तिचा होता आणि दोन वर्षंही तिची होती. मी फोन खिशातच ठेवला.

सकाळी सहाला आम्ही नांदेडला मैदानाच्या फाटकाशी होतो. छातीवर नंबर लावून घेतला आणि आत गेली. नातेवाइकांना बाहेरच थांबवतात. फाटकाबाहेर चहाच्या गाड्याशेजारी पन्नासेक माणसं उभी होती, आया, भाऊ, एकजण लेकराला कडेवर घेऊन बायकोची वाट बघणारा. आतून भोंग्यावर नंबर पुकारायचे. मग शिट्टी. मग दोन-तीन मिनिटं काहीच नाही, आणि मग टाळ्या किंवा नुसतीच कुजबुज. दर शिट्टीला मी फाटकाजवळ सरकायची. ही शिट्टी तिची असेल का? आता ती वळणावर असेल का? मोडलं तर आवाज होतो का? इथपर्यंत ऐकू येईल का? असले प्रश्न मला सुचत होते आणि मी स्वतःला शिव्या देत होते.

नऊच्या सुमाराला ती बाहेर आली. चालत. मी आधी तिचा पाय पाहिला, मग तोंड.

"पळले न्हाई," ती म्हणाली.

आम्ही रस्त्याच्या कडेला, एका बंद टपरीच्या सावलीत बसलो. ती नंबराची पट्टी बोटांत गुंडाळत होती.

"ओळीत हुबी होते. पुढच्या बॅचला माझा नंबर. पाय एकदम बरा वाटत होता अक्का. म्हणलं, आता कोण बघतंय, आणि मारली उडी. मागच्या पोरी हसल्या." तिनं नडगीवर बोट ठेवलं. "आत लागलं. वरून न्हाई, हाडात. मग मी मॅडमला सांगितलं. त्या म्हणाल्या, नक्की का, परत चान्स न्हाई. मी हाव म्हणले."

मी तिला जवळ घेतलं. तिनं घेऊ दिलं.

"तू आली नसतीस तर मी उडी मारलीच नसती," ती म्हणाली. "पळाले असते. मोडलं असतं, न्हाईतर लागले असते. कोणतं झालं असतं?"

सगळ्या गोष्टी शोधत बसणाऱ्या मला हे कधीच कळणार नव्हतं. मी तसं सांगितलं. ती मोठ्यानं रडली. चहावाला बघायला लागला, बघेना का.

बसमध्ये बसल्यावर तिनं हळूच विचारलं, "अण्णाला काय सांगू? रानात पट्टा मोकळा ठेवला त्यांनी. मोडून पडले असते तर एक गोष्ट होती. आपल्या पायानं ओळ सोडून आले, हे कसं सांगू?"

"मी अडवलं म्हणून सांग," मी म्हणाले. "फाटकात धरून ठेवलं, आत जाऊच दिलं न्हाई."

"तुला बोलतील सगळे."

"बोलू दे."

त्याच दुपारी लातूरला एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून नडगीच्या हाडावर पांढरी बारीक रेघ दाखवली. मी त्यांना विचारलं, पळाली असती तर? ते म्हणाले, कदाचित निभावलं असतं, कदाचित दोन तुकडे झाले असते, कुणी सांगू शकत नाही. आठ आठवडे पायावर भार द्यायचा नाही.

घरी मी ठरल्याप्रमाणं सांगितलं. अण्णा उठून रानात गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत. आबांनी काय पाहिलं होतं, एक्स-रेत काय निघालं, हे मी आईला दोनदा समजावलं. तिनं ऐकलं, मान हलवली, आणि उज्वलाच्या पायाखाली उशी सारताना म्हणाली, "चीर असंल. पर मैदानापतुर गेलेल्या पोरीला फाटकातनं वढून आणलंस तू. सख्ख्या बहिणीचं चांगलं बघवलं न्हाई तुला."

उज्वला उठून बसली. "आई, अक्कानं मला..."

"गप पड," मी तिला म्हणाले. "पाय हलवू नको."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्यातून सुटावं असं मात्र वाटत नव्हतं. मी आईच्या हातातली दुसरी उशी घेतली आणि उज्वलाच्या पाठीला लावली.